पंखे फिरतात, पडदा मात्र काळा!

जुने ग्राफिक्स कार्ड बसवताच संगणक सुरूच होईनासा झाला, तर दोष शोधायचा कुठे?

मुंबई, प्रतिनिधी

संगणकाची कळ दाबावी, कॅबिनेटमधले पंखे घरघरू लागावेत, कीबोर्डावरचे दिवे क्षणभर चमकावेत आणि मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल' एवढेच शब्द उमटून तोही विझून जावा, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला त्या क्षणी पोटात पडणारा खड्डा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जुहूला आमच्या बहिणीच्या घरी परवा नेमके हेच घडले. भाचा मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. लघुपटाचे संकलन करताना त्याचा संगणक धापा टाकू लागला, म्हणून साठवलेल्या पैशांतून त्याने लॅमिंग्टन रोडवरून सात हजार रुपयांचे सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड आणले. दुकानदाराने सात दिवसांची 'टेस्टिंग वॉरंटी' तोंडी दिली. लघुपट महाविद्यालयात सादर करायला दहा दिवस उरले होते. कार्ड बसवले, कळ दाबली आणि आम्हाला फोन आला, "मामा, पंखे फिरताहेत, पण स्क्रीन काळीच आहे. कार्ड मेलेलं दिलं वाटतं त्यानं!"

कार्ड मेलेले नव्हते. पण ते सिद्ध व्हायला सहा दिवस गेले. अशी कार्डे सध्या घरोघरी येत असल्याने त्या सहा दिवसांचा मार्ग सविस्तर सांगण्याजोगा आहे.

कार्डे आली कुठून?

कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव असले तरी मुंबईकरांच्या तोंडी आजही १९०३ ते १९०७ या काळातले गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचेच नाव बसलेले आहे. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या या बाजारात जुनी ग्राफिक्स कार्डे पूर्वीही मिळत. मात्र २०२२ नंतर त्यांचा ओघ जगभर वाढला, त्याचे कारण इथून फार दूर होते. 'इथेरियम' हे आभासी चलन तोवर ग्राफिक्स कार्डांच्या गणनशक्तीवर 'खणले' जात असे. २०२१ मध्ये या खाणकामामुळे आणि चिप टंचाईमुळे साधे कार्डही मूळ किमतीत मिळणे दुरापास्त झाले होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि ग्राफिक्स कार्डांनी करायचे खाणकाम त्या दिवशी संपले. आपल्याकडे त्याआधीच, १ एप्रिल २०२२ पासून, आभासी चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला होता. एकेका मांडणीवर सहा-सहा, आठ-आठच्या रांगेत रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. तेव्हापासून त्यांतल्या अनेकांनी दोन-तीन मालक पाहिले आहेत.

खाणीत राबलेले कार्ड वाईटच असते, असे मात्र नाही. एकाच तापमानावर सतत चालणारे इलेक्ट्रॉनिक भाग बरेचदा चांगले टिकतात. झिजतात ते पंख्यांचे बेअरिंग, सुकतो तो उष्णतावाहक लेप, आणि पाझरते ते थर्मल पॅडमधले तेल. शिवाय एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे कार्डाच्या पोटातला बदललेला बायोस. त्याकडे पुढे येऊच.

विंडोजचा यात दोष नाही

काळा पडदा पाहून पहिला सल्ला मिळतो तो विंडोज पुन्हा टाकण्याचा. भाच्याच्या मित्रानेही तोच दिला. तो निरुपयोगी का, हे समजण्यासाठी कळ दाबल्यानंतरचे पहिले काही सेकंद पाहावे लागतील.

संगणकाला वीज मिळताच मदरबोर्डावरील फर्मवेअर, म्हणजे ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो ते, जागे होते. ते आधी प्रोसेसर तपासते, मग रॅम, मग चित्र दाखवणारे साधन. या हजेरीला 'पोस्ट' म्हणतात. डिस्क शोधून तिच्यावरील विंडोज उचलण्याची पाळी त्यानंतर येते. चित्राच्या साधनाची हजेरी लागली नाही, तर अनेक बोर्ड तिथेच थांबतात. म्हणजे विंडोजपर्यंत गाडी पोहोचलेलीच नसते. स्थानकात न शिरलेल्या गाडीच्या डब्यांची साफसफाई करून काय होणार?

गाडी कुठे अडली, हे सांगण्याची सोय बोर्डावर असते. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड 'बीप' म्हणजे चित्राची तक्रार. एएमआय बायोसमध्ये आठ बीप म्हणजे कार्डाच्या मेमरीची तक्रार. हल्ली कॅबिनेटमध्ये बीप वाजवणारा छोटा स्पीकर नसतोच, पण तो किरकोळ किमतीत मिळतो आणि बोर्डावरच्या चार पिनांवर बसतो. बऱ्याच नव्या बोर्डांवर त्याऐवजी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावे लिहिलेले चार बारीक दिवे असतात. भाच्याच्या बोर्डावरचा 'व्हीजीए'चा दिवा अखंड जळत होता. त्याने तो पाहिलाच नव्हता, कारण कॅबिनेटची बाजूची काच त्याने भिंतीकडे केली होती.

लक्षणेही नीट वेगळी करावीत. कळ दाबताच पंखे एक झटका देऊन थांबत असतील, तर कार्डात शॉर्ट असण्याचा संभव मोठा. एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो. पंखे फिरत राहून चित्रच येत नसेल, तर वीजपुरवठा, जोडणी किंवा बायोसकडे पाहावे. बायोसचे चित्र स्वच्छ दिसून विंडोजच्या चिन्हानंतर पडदा काळा होत असेल, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. सुरुवातीपासूनच पडद्यावर रंगीत ठिपके वा आडव्याउभ्या रेषा असतील, तर बहुधा मेमरी चिपच दगावलेली असते, आणि अशा कार्डावर वेळ न घालवता ते दुकानात परत नेणे उत्तम.

कार्ड काढा, मग बोला

पहिल्या दिवशी आम्ही कार्ड काढून ठेवले आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डावरच्या जागी लावली. संगणक मुकाट्याने सुरू झाला. ही चाचणी फुकटात होते आणि प्रोसेसर, रॅम, डिस्क या सर्वांना एकदम निर्दोष ठरवते. अट एकच, प्रोसेसरमध्ये चित्र काढण्याची अंगभूत सोय हवी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेर 'एफ' असते त्यांत ती नसते. एएमडीच्या ७००० मालिकेपूर्वीच्या, 'जी' अक्षर नसलेल्या बहुतेक डेस्कटॉप रायझेनमध्येही नसते. तिथे तात्पुरते दुसरे कार्ड उसने आणण्याला पर्याय नाही.

याच ठिकाणी होणारी एक चूक सांगून ठेवतो. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डावरच राहते, बोर्ड चित्र कार्डाकडे पाठवतो आणि माणूस काळ्या पडद्याकडे पाहत बसतो. हसू येईल, पण दुरुस्तीवाल्यांना विचारून पाहा.

दुसरी चाचणी अधिक निर्णायक, तेच कार्ड दुसऱ्याच्या संगणकात लावून पाहणे. विलेपार्ल्याच्या मित्राकडे ते नेले आणि तिथे पहिल्याच फटक्यात चित्र आले. आता कार्ड चांगले, संगणकही चांगला, आणि दोघांचा संसार मात्र होत नाही, असा पेच पडला. सात दिवसांतले तीन संपले होते. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "तिकडे चालते ना? मग माल बरोबर आहे." त्याच्या बाजूने तो खरे बोलत होता.

एसएमपीएसचा हिशेब

अशा वेळी पहिला संशयित वीजपुरवठा. मदरबोर्डावरची लांब पीसीआय एक्स्प्रेस खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते. त्याहून अधिक भूक असलेल्या कार्डाला वरून वेगळी केबल लागते. सहा पिनांची केबल ७५ वॅट, तर आठ पिनांची १५० वॅट देते. जीटीएक्स १०५० टीआयची मूळ गरज ७५ वॅट असल्याने त्याची अनेक रूपे निव्वळ खाचेवर चालतात. जीटीएक्स १०६०ला १२० वॅट लागतात, तर २०१७ साली आलेल्या आणि खाणकामवाल्यांच्या आवडत्या आरएक्स ५८०ला १८५ वॅट.

भाच्याच्या कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर '४५० वॅट' असे ठळक अक्षरांत छापले होते. त्या आकड्याकडे दुर्लक्ष करून खालचा बारीक तक्ता वाचावा. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही १२ व्होल्टवर जगतात, तेव्हा १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत तेवढेच महत्त्वाचे. इथे १८ होते. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅट. कार्डाचे १८५ आणि प्रोसेसरचे ६५ मिळून अडीचशे होतात. मुळातच तूट. त्यातून आठ पिनांची केबल नसल्याने एका मोलेक्स जोडणीवरून आठ पिना काढून देणारा अडॅप्टर लावला होता. आठ पिनांच्या खऱ्या केबलमध्ये १२ व्होल्टच्या तीन तारा असतात, मोलेक्समध्ये एकच पिवळी. दीडशे वॅटसाठी साडेबारा अँपिअर त्या एका तारेतून न्यायचे, म्हणजे तार तापणार. साटा जोडणीवरून काढलेले अडॅप्टर तर त्याहून घातक, कारण साटाची १२ व्होल्टवरची क्षमताच ५४ वॅट आहे. असे अडॅप्टर वितळल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

चौथ्या दिवशी चांगल्या बनावटीचा ५५० वॅटचा एसएमपीएस आणला. तो लावताना दोन पथ्ये पाळली. प्रोसेसरसाठीची आठ पिनांची केबल आणि कार्डासाठीची आठ पिनांची केबल दिसायला भावंडे, पण त्यांतल्या धन-ऋण जागा उलट असतात. ती जोर लावून बसवू नये. केबल सुट्या होणाऱ्या एसएमपीएसला दुसऱ्या बनावटीच्या केबल कधीही लावू नयेत. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक बनावटीत वेगळी असते आणि एका चुकीत बोर्ड, डिस्क, कार्ड सारे जळू शकते.

सारे जोडून कळ दाबली. पडदा काळाच! नवा एसएमपीएस वाया गेला नाही, तो लागणारच होता. पण दोष एकच असतो असे गृहीत धरणे किती फसवे आहे, ते मात्र कळले.

समुद्राची देणगी

पाचवा दिवस जुहूच्या हवेसाठी खर्च केला. समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण घरातल्या प्रत्येक वस्तूवर बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली, की मीठ हवेतले पाणी शोषून स्वतःच विरघळते आणि विजेला वाट देणारा ओलसर थर तयार होतो. मुंबईच्या पावसाळ्यात ही पातळी नित्याची. कार्डाच्या खाचेत जाणाऱ्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो. पण तो अतिशय पातळ असतो आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालचा निकेल व तांबे गंजते. जुने कार्ड घेताना त्याच्या मागच्या पत्र्याकडे आणि स्क्रूंकडे पाहावे. ते तांबूस झाले असतील, तर कार्ड किनाऱ्यावर किंवा दमट गाळ्यात राहिले आहे असे समजावे.

पट्ट्या पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न सुटणारे तंतू असलेले कापड वापरावे. करोनाकाळापासून घरात पडून असलेले सॅनिटायझर वापरू नये, त्यात ग्लिसरीन असते आणि ते पट्ट्यांवर चिकटून राहते. खोडरबराविषयी दोन मते आहेत. बाजारातला प्रत्येक कारागीर ते सर्रास वापरतो, पण ते मुलामाही खरवडते. मऊ पांढरे रबर, हलका हात आणि नंतर अल्कोहोलने भुकटी पुसून काढणे, इतपत चालावे. खाचेतही धूळ आणि क्वचित झुरळाचे अवशेष सापडतात. हवेचा फवारा मारावा, काडी वा पिन घालू नये. कार्ड पुन्हा बसवताना खाचेच्या टोकाचा खटका वाजला पाहिजे, आणि वजनदार कार्ड एका बाजूने झुकू नये म्हणून खाली आधार द्यावा.

आम्ही हे सारे यथासांग केले. पट्ट्या चकाकू लागल्या, एवढाच लाभ झाला.

दोन पिढ्यांचे भांडण

उत्तर सापडले ते सहाव्या दिवशी, भाच्याच्या एका सहज वाक्यात. "मामा, विंडोज ११ टाकताना बायोसमध्ये काहीतरी बदललं होतं."

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या सुमारास अनेकांनी आपले संगणक विंडोज ११वर नेले. त्यासाठी 'सिक्युअर बूट'ची क्षमता लागते, आणि सिक्युअर बूट चालू करायचे तर फर्मवेअरमधील 'सीएसएम' हा पर्याय बंद करावा लागतो. सीएसएम म्हणजे जुन्या बायोसच्या रीतीने बोलणाऱ्या साधनांसाठी ठेवलेला दुभाषा. नव्या यूईएफआय रीतीत कार्डाने स्वतःजवळच्या 'जीओपी' नावाच्या छोट्या ड्रायव्हरद्वारे चित्र सुरू करायचे असते. फार जुन्या कार्डांत हा ड्रायव्हरच नसतो. आणि खाणकामासाठी मेमरीची गती बदललेल्या कार्डांत, ते कितीही अलीकडचे असले तरी, बायोस परत लिहिताना हा भाग निकामी झालेला असू शकतो. दुभाषा हजर असेल तर कोणाला पत्ताही लागत नाही. दुभाषा निघून गेला, की कार्ड आणि बोर्ड एकमेकांकडे पाहत बसतात.

विलेपार्ल्याच्या संगणकात सीएसएम चालू होते. जुहूच्या संगणकात बंद. दोन्हीकडचे निकाल वेगळे का आले, त्याचा उलगडा झाला.

खात्री करण्यासाठी कार्ड काढून, अंगभूत चित्रावर बायोसमध्ये शिरून सीएसएम चालू केले. कार्ड पुन्हा लावले आणि बोर्डाच्या बोधचिन्हाने पडदा उजळला. पण हे करण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी आहे ना, ते पाहून घ्यावे. सिक्युअर बूट बदलले की विंडोज ती मागू शकते, आणि ती नसेल तर कार्ड मिळून डिस्कमधला मजकूर गमावण्याची पाळी येते. बोर्डावरील सीआर २०३२ बटनसेल काढून बायोस मूळपदावर आणण्याच्या लोकप्रिय उपायालाही हाच इशारा लागू आहे. त्यात आणखी एक मेख आहे. जुन्या रीतीने मांडलेल्या डिस्कवर विंडोज असेल आणि मूळपदावर येताना सीएसएम बंद झाले, तर विंडोज सापडेनासे होते आणि त्याचे खापर बिचाऱ्या कार्डावर फुटते.

सीएसएम कायम चालू ठेवणे भाच्याला पसंत नव्हते, आणि अलीकडच्या अनेक बोर्डांवर ही सोय उरलेलीही नाही. सुदैवाने या कार्डाच्या वरच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी एक सरकती कळ होती. काही कार्डांत बायोसच्या दोन चिप असतात आणि ही कळ त्यांतली एक निवडते. खाणकामवाले बरेचदा एकाच चिपवर प्रयोग करतात, दुसरी कारखान्यातून आली तशीच राहते. वीज पूर्ण बंद करून कळ पलीकडे सरकवली, सीएसएम पुन्हा बंद केले, आणि संगणक सुरू केला. चित्र आले. सात हजारांचे कार्ड त्या दाण्याएवढ्या कळीवर अडले होते!

अशी कळ नसेल तर मूळ बायोस पुन्हा लिहावा लागतो. अंगभूत चित्रावर संगणक चालवून ते करता येते. फर्मवेअरमध्ये प्राथमिक चित्र प्रोसेसरकडे ठेवले, की मुके कार्ड खाचेत असतानाही विंडोजपर्यंत जाता येते. मात्र नेमक्या त्याच प्रतीच्या, त्याच मेमरी चिपच्या कार्डाचा बायोस हवा. चुकीचा लिहिला तर चिपवर यंत्र लावून ती सोडवावी लागते, आणि हे काम कारागिरावर सोपवलेले बरे.

शॉर्टची शंका असेल तर मल्टिमीटर बरेच काही सांगतो. कार्ड बाहेर काढून वरच्या पॉवर जोडणीतील १२ व्होल्टची पिन आणि जमीन यांत रोध मोजावा. तो शून्याजवळ असेल तर बहुधा मॉसफेट गेला आहे. मात्र मुख्य चिपच्या भोवतालच्या कॉइलवर मोजताना एक ओहमपेक्षाही कमी आकडा दिसला म्हणून घाबरू नये. मोठ्या चिपच्या बाबतीत तो स्वाभाविक असतो. कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा जो उपाय सांगितला जातो, तो मात्र साफ विसरावा. शिसेविरहित डाख वितळायला सुमारे २१७ अंश सेल्सिअस लागतात आणि त्याआधीच प्लॅस्टिक व कपॅसिटर शरण येतात. चाललेच तर ते कार्ड काही दिवस चालते, आणि त्यातून निघालेल्या वाफा ज्या ओव्हनमध्ये बसतात त्यातच पुढे नानकटाई भाजली जाते.

दुकानातच काय पाहावे?

कार्ड चालू स्थितीत दाखवा असे दुकानात स्पष्ट सांगावे. ते दाखवताना सीएसएम बंद ठेवायला सांगावे, ही आम्ही सहा दिवस मोजून विकत घेतलेली अक्कल. चित्र जोडायच्या जागा कार्डाला आहेत की नाहीत, हेही पाहावे. एनव्हिडियाचे पी१०६-१०० हे कार्ड २०१७ साली निव्वळ खाणकामासाठी निघाले आणि त्याला मॉनिटर जोडायची जागाच नाही. 'एकप्रकारे १०६०च' म्हणून ते गळ्यात मारले जाते. आरएक्स ५८० घेताना त्यापुढे '२०४८ एसपी' असे लिहिले आहे का, ते वाचावे. असल्यास ते गुणांनी आरएक्स ५७०च्या पंगतीतले असते. त्याहून मोठी लबाडी म्हणजे जीटीएक्स ५५० टीआयसारख्या जुन्या कार्डाचा बायोस बदलून ते १०५० टीआय म्हणून विकणे. 'जीपीयू-झेड' हे मोफत सॉफ्टवेअर २०१८ पासून अशी एनव्हिडिया कार्डे ओळखून नावापुढे 'फेक' असे दाखवते, तेव्हा ते पेनड्राइव्हवर घेऊन जावे. पावतीवर कार्डाचा अनुक्रमांक आणि परतीची मुदत लिहून घ्यावी. तोंडी सात दिवस हे वाद झाला की सिद्ध करता येत नाहीत. पक्की पावती असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागण्याचा मार्ग तरी खुला राहतो.

भाच्याचा लघुपट वेळेत गेला. कार्डाच्या एका पंख्याचे बेअरिंग खरखरते आहे, आणि तो बदलायला भाचा येत्या शनिवारी पार्ल्याहून धीमी लोकल पकडून पुन्हा ग्रँट रोडला जाणार आहे. बहिणीने तेवढ्यात त्याचे टेबल समुद्राकडच्या खिडकीजवळून हलवून आतल्या भिंतीला लावले आहे. कॅबिनेटची काच या वेळी बाहेरच्या बाजूला आहे.